धानातले भैय्यालाल

भैय्यालाल जिल्हा परिषदेला दोनदा उभे राहिले आणि दोनदा पडले. तिसऱ्यांदा उभं राहायचं की नाही, हे दिघोरीकडची हवा पाहून ठरवू, असं त्यांचं म्हणणं. भंडाऱ्यातलं त्यांचं कोसा रेशमाच्या साड्यांचं दुकान प्रत्येक निवडणुकीत निम्मं होत आलेलं. आम्ही दोघं दिघोरीला निघताना त्यांच्या पत्नीने, शोभाताईंनी, मला बाजूला घेतलं.

"भाऊजी, या टायमाले दुकानच जाईन. कसंही करा, पन त्यायले बसवा."

मी हो म्हणालो. दोन्ही वेळची भाषणं माझीच होती. पडण्यात माझाही हात होता.

दिघोरीच्या अलीकडे गाडी वळली, तर धानाच्या पहिल्याच बांधीत भैय्यालाल उभे. गुलाबी फेटा, हात जोडलेले. पुढच्या बांधीत पुन्हा तेच. त्यापुढे तिघे. त्यांच्या गेल्या दिवाळीच्या शुभेच्छांचे फ्लेक्स लोकांनी बांबूला बांधून पिकात रोवले होते.

भैय्यालालनी गाडी थांबवायला लावली. ते खाली उतरले. "पाहा. अन् घरचे म्हनते, बसा."

"एकदा विचारून तर घेऊ," मी म्हटलं.

धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, इतवारी नावाचा म्हातारा बिडी ओढत बसला होता.

"बाबाजी, हा फोटो काहून लावला?" भैय्यालालनी विचारलं.

"डुकरं येऊन राहिले ना जी. सारा धान लोळवते." मग त्याने नीट पाहिलं. "अरे, हे तर तुमीच दिसता!"

शोभाताईंचं काम झालं, असं मला वाटलं.

भैय्यालाल एका फ्लेक्सजवळ गेले. "कोनाचाबी फोटो चालते का?"

"नाही जी. पयले निवडून आलेल्याचा लावला होता. डुकरं त्याच्याच खाली बसून खात. तुमाले पाह्यलं का पळते."

भैय्यालाल माझ्याकडे वळले. "फरक हाये."

"एखादा नवा भेटन का, शेठ? याचा रंग उडला."

"भेटन ना. केवढा पायजे?"

"मानसाएवढा. नुसत्या मुंडीले डुकरं मानत नाही."

गाडीत बसल्याबसल्या त्यांनी फ्लेक्सवाल्याला फोन लावला. माझाही वाजला.

"का म्हनते लोकं?" शोभाताईंनी विचारलं.

"मागणी आहे," मी म्हटलं. खोटं नव्हतं.



"बाहेरच जेवून या म्हना," त्या म्हणाल्या. "घरी सयपाक नाही."