लवंगेच्या वासाची कुंडी

भाऊसाहेब पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाला वेळेवर पाणी दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. बायकोचा खुबा मोडल्यापासून मात्र तिच्या खिडकीतल्या कुंडीला ते सकाळ-संध्याकाळ झारीभर पाणी घालत होते. उशिरा सुचलेलं कर्तव्य असंच अंगावर येतं.

कुंडीत डायन्थस होता. वीतभर उंचीचं गोल झुडूप, निळसर बारीक पानं, दरवर्षी त्याच मुळांवर नव्यानं फुलणारं, आणि फुलांना थेट लवंगेचा वास. माती सुकल्याशिवाय पाणी नको, असं बायकोनं पलंगावरून बजावलं होतं. ती स्वतः वॉकरला हात लावायला तयार नव्हती. डॉक्टर रागावले तेव्हा म्हणाली, फुलांचा वास आला की उठेन. त्या वासाच्या भरवशावर भाऊसाहेब तिला उचलत, बसवत, भरवत, भांडी घासत. हल्ली तर चहा उकळेपर्यंत त्यांना ओट्याशी उभ्या उभ्या डुलकी लागे.

एका सकाळी झुडूप मधोमध काळं पडून सडलेलं दिसलं.

पलंगावरून तिला कुंडीचा काठ आणि वर डोकावणारे शेंडे दिसायचे, तेवढंच नशीब. ती झोपलेली बघून भाऊसाहेब पाय ओढत नर्सरीत गेले आणि फुललेला डायन्थस घेऊन आले. ठेंगणा, भरगच्च, देखणा. वासाचं विचारल्यावर नर्सरीवाला म्हणाला होता, काका, लोक हल्ली फुलं मागतात, वास कोण मागतंय?

दुपारी बायको म्हणाली, फुलं आलेली दिसतात, पण वास नाही. भाऊसाहेबांनी स्वयंपाकघरात लवंगा ठेचल्या, फडक्यात बांधल्या आणि पुरचुंडी कुंडीखालच्या ताटलीत सरकवली.

संध्याकाळी तिनं वॉकर मागितला. भाऊसाहेब मागून धरून, ती पुढे, मध्ये दोनदा थांबून, दोघं कशीबशी खिडकीशी पोचली. तिनं झुडपाकडे बराच वेळ पाहिलं.

"अहो, हे आपलं झाड नाही."

भाऊसाहेबांनी वॉकरची मूठ निरखायला घेतली.

"आणि लवंगा जरा बेतानं घालायच्या. दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतंय."

"कधी कळलं?"

"तुम्ही ठेचत होता तेव्हाच."

"मग उठलीस कशाला?"

"इतके दमलात आणि वर लवंगा ठेचताय. मला आवाज ऐकवेना."

मग ती म्हणाली, माझ्या धाकट्या बहिणीला त्याच झाडाची काडी लावून दिली होती, तिच्याकडून फुटवा मागून आणा. मेहुणीकडे काही मागायचं म्हणजे तासभर टोमणे ऐकणं आलं. भाऊसाहेबांनी मान डोलावली. वाद घालायलाही अंगात जोर लागतो.

त्यांनी दोन खुर्च्या ओढून आणल्या. तिनं नव्या झाडाच्या मातीत बोट घालून पाहिलं. ओली गच्च. तिनं हात पुढे केला. भाऊसाहेबांनी मुकाट्यानं झारी दिली, आणि तिनं ती आपल्या पलीकडच्या बाजूला ठेवली.