उतेबायची जीभ

उतेबायच्या जिभेची किनाऱ्यावर भारी वट होती. तो समुद्रात बोट बुडवून चाटायचा, "खारं!" म्हणायचा, आणि तिथं जाळं टाकलं की चपटे कंबाला मासे भरभरून यायचे. समुद्र आटत आटत नुसता खारट झाला होता; त्या मिठाच्या पाण्यात तेवढा एकच मासा तग धरायचा. बाकीचे मासे मेले, बाकीचे कोळी उंट राखायला गेले. हा मात्र वीस वर्षं मिशीवर हात फिरवत राहिला.

मग बांध झाला आणि सिर दर्या नदीचं गोडं पाणी वाहून न जाता समुद्रात साठायला लागलं. गावानं आनंदानं मेंढा कापला. उतेबायनंही खाल्ला, दोनदा मागून खाल्ला. पण गोडं पाणी पसरलं तसा कंबाला हटत गेला. गेले तीन आठवडे हा उरल्यासुरल्या खाऱ्या कोपऱ्यांत जाळं टाकत होता आणि शेवाळ घेऊन परत येत होता.

त्या सकाळी मेहुणा सरसेन स्पष्टच बोलला. "दाजी, आज रिकामं आलं तर मी इंजिन काढून नेणार. ताईला सांगून ठेवलंय."

होडी उतेबायची, पण इंजिन सरसेनचं. ते गेलं की घरी बसून बायकोचे टोमणे ऐकायचे. पण वट कशी सोडणार?

"ही जीभ अजून जिवंत आहे, गाढवा!"

खूप आत जाऊन त्यानं बोट चाटलं. "खारं! एकदम खारं! टाक!"

दुपारी जाळं ओढता ओढता दोघांचे हात भरून आले. वर आले ते सुदाक, गोड्या पाण्यातले, हातभर लांब, चांगले तीस-चाळीस. कंबाला औषधालासुद्धा नाही.

सरसेननं ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं. "हे खारं? आ करा बघू, दाजी."

उतेबायनं आ केला. गालात कुरुत होता, सुक्या दह्याचा मीठ लावलेला गोळा.

"अहो, हा तोंडात ठेवून पाणी चाखलंत?"

"नेहमीच असतो," उतेबाय पुटपुटला. "वीस वर्षं..."

सरसेन हसून हसून माशांवर लोळला. उतेबायला आधी संताप आला, मग डोक्यात लख्ख उजेड पडला. अख्खा समुद्रच खारट होता की तेव्हा! शेंबड्या पोरानंही बरोबर सांगितलं असतं.

"काय मिरवलो रे मी!" तो कपाळावर हात मारून हसायला लागला. "समुद्र मरत होता आणि मी त्याच्या जिवावर शहाणा ठरत होतो!"

त्यानं गोळा थुंकला, चूळ भरली आणि पाणी प्यायलं. गोडं होतं. नदी इतक्या आत आली होती आणि हा बाबा तीन आठवडे तिच्याकडे पाठ करून मीठ शोधत होता. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त आनंद झाला.

"इंजिन राहू दे आता," सरसेन डोळे पुसत म्हणाला. "उद्या कुठं टाकायचं?"

उतेबाय सुकाणूवरून उठला आणि त्यानं मेहुण्याला जागा करून दिली.

"तू सांग," तो म्हणाला. "मला या पाण्यातलं काही कळत नाही."