तळाशी राहणारं पीठ

धाकटीचा मिक्सर बंद पडला तो मंगळवारी सकाळी, भांड्यात चार किलो पीठ असताना. उरलेलं पीठ तिने हातानेच मळलं आणि मेकॅनिकला फोन केला.

धाकटी एक्कावन्न वर्षांची होती. बेकरी दोघी बहिणींची, म्हणून गल्लीने त्यांना थोरली आणि धाकटी केलं होतं. तीन वर्षांपूर्वी थोरलीच्या मनात चौकातल्या मोठ्या दुकानात जायचं आलं. धाकटीला जुनी जागा सोडायची नव्हती. शब्दाने शब्द वाढला आणि भर गिऱ्हाइकांसमोर धाकटी बोलून गेली, "जा ना मग. तुझ्याशिवायही पीठ फुगतं इथलं." थोरलीने अॅप्रन काढला, चार घड्या घालून टेबलावर ठेवला. पंधरा दिवसांनी ती एक मिक्सर, निम्मे साचे आणि निम्मे ट्रे घेऊन गेली. त्यानंतर अवाक्षर नाही. थोरली गेली तरी गल्ली हिला धाकटीच म्हणत राहिली.

मेकॅनिक दुपारी आला.

"काय होतं, मावशी?"

"काही होत नाही. भांड्यावरची जाळी लावली, बटण दाबलं की गप्प."

"माझ्या बायकोसारखं. निदान गप्प का, ते मशीनचं तरी सापडतं."

त्याने प्लग पाहिला, ओव्हरलोडचं बटण दाबून पाहिलं, दांडा ओढून भांडं पूर्ण वर बसतंय ना तेही पाहिलं. मग प्लग काढून बाजूचं झाकण उघडलं, जाळीजवळच्या छोट्या स्विचच्या दोन वायर जोडल्या आणि परत प्लग लावला. मिक्सर घुरघुरायला लागला.

"मोटर ठणठणीत आहे. हा स्विच गेलाय. जाळी उघडी असताना मशीन फिरू नये म्हणून असतो. आठ-दहा वर्षं सहज टिकतो. किती वेळा उघडता जाळी?"

"एका घाण्याला तीनदा."

"तीनदा? कशाला?"

"तळाला कोरडं पीठ राहतं. हात घालून वर काढावं लागतं." तिने मनगटावरचा पट्टा दाखवला. "आधी नव्हतं असं. म्हातारं झालंय मशीन."

मेकॅनिकने भांडं वर घेतलं, पीठ मळणारा हुक आणि तळ यांच्यामध्ये बोट घातलं. बोट आरामात फिरलं. त्याने भांडं उतरवून उपडं केलं आणि काठाखालचा नंबर वाचला. मग मिक्सरच्या पाठीवरचा वाचला.

"हे भांडं या मशीनचं नाहीच. कंपनी तीच, वीस लिटरचंच, पण नव्या मॉडेलचं. बोटभर जास्त खोल आहे. दुसरं मशीन होतं का इथे?"

धाकटी खुर्चीवर बसली. वाटण्यांच्या दिवशी दोन्ही भांडी धुऊन सिंकशेजारी उपडी घातलेली होती. थोरलीने एक उचललं, उरलं ते हिने ठेवलं. कुठलं कुणाचं हे एका वाक्यात कळलं असतं, पण ते वाक्य बोलणार कोण?

"चिंता नको," मेकॅनिक म्हणाला. "हा खालचा स्क्रू फिरवला की भांडं थोडं जास्त वर येईल. पाच मिनिटांचं काम."

"नको."

"अहो, पाच मिनिटं."

"स्विच तेवढा बदल. भांडं मी बदलून आणते."

"एवढं लोढणं घेऊन बसने जाणार?"

"जाईन."

तीन वर्षांत चौकात जायला तिला एकही कारण मिळालं नव्हतं. आता हाताशी आलेलं कारण ती पाच मिनिटांत मोडून टाकणार नव्हती.

बसमध्ये भांडं मांडीवर घेऊन तिने वाक्य जुळवलं. ताई, त्या दिवशी मी बोलले ते बोलायला नको होतं. चार थांबे तिने ते मनात घोकलं.

थोरली दुकानाच्या मागच्या खोलीत एकटीच ट्रे पुसत होती. केस पार पांढरे झाले होते.

"काय गं?" तिने विचारलं, जणू धाकटी शेजारच्या खोलीतून आली होती.

"भांडं. अदलाबदल झाली होती आपली."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी हुक तळाला घासला. पिठात काळी रेघ. सगळा घाणा फेकला आणि पाना घेऊन स्क्रू सरकवला."

"मग कळवायचं नाही?"

थोरलीने ट्रे उलटा केला, दुसरी बाजू पुसली. "तुझं पीठ तळाला राहत असणार, हे कळत होतं. म्हटलं, आठ दिवसांत येईल तणतणत." ट्रे चळतीवर ठेवत म्हणाली, "मग म्हटलं, महिन्याने येईल."

धाकटीने तोंड उघडलं, पण वाक्य आलं नाही. आलं ते भलतंच. "आता स्क्रू परत मागे घ्यावा लागेल. पाना दे, मी—"

"मला येतं ते."

बाहेर गिऱ्हाइकाने हाक दिली. थोरलीने तिचं भांडं काढून दिलं, आपलं घेतलं आणि हात पुसत पुढे गेली. धाकटी थोडा वेळ थांबली. गिऱ्हाईक एकाचे तीन झाले, तशी ती मागच्या दाराने निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जाळी लावली, बटण दाबलं. हुकाने तळापर्यंतचं सगळं पीठ उचलून घेतलं. अकरा मिनिटं काहीही करायचं नव्हतं. तिने टेबल पुसलं, परत पुसलं. तीन वर्षं ही अकरा मिनिटं मशीनला शिव्या घालण्यात जात होती. दिवसभरात ती मोकळेपणाने बोलायची ती तेवढीच. आता तक्रारीला जागा राहिली नव्हती. ती जाळीतून फिरणारा गोळा बघत उभी राहिली.

दुसरा घाणा चालू असताना फोन वाजला.

"तळाला पीठ राहतंय," थोरली म्हणाली.

"स्क्रू नाही सरकवलास?"

"जमत नाहीये."

"तेव्हा पहिल्याच दिवशी जमलं होतं तुला."

"तेव्हा जमलं. येतेस की नाही, तेवढं सांग."

मागे थोरलीच्या मिक्सरची घरघर ऐकू येत होती. धाकटीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "ताई, त्या दिवशी मी बोलले ते—"

"मशीन चालू आहे, ऐकू येत नाही. इथे येऊन बोल."

फोन बंद झाला. धाकटीने घाणा उतरवला, पीठ झाकून ठेवलं आणि खणातून पाना काढला. थोरलीकडे पाना होता हे तिला माहीत होतं. तरी तिने तो फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला आणि बेकरीला कुलूप लावलं.