मालमोटारीचा ठोकळा

मोडकी मालमोटार बैलांनी ओढत सुताराच्या अंगणात आणून सोडली, तेव्हा तो रंधा मारत होता. त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

याच मोटारीने त्याचा जावई नेला होता. खाणीच्या उतारावर, दगड भरलेले असताना.

खाणमालक चपला वाजवत आला. "मिस्त्री, मागचा लाकडी हौदा पार भुगा झालाय. शहरात पाठवली तर वर्ष जाईल. तुमच्याशिवाय कोण करणार?"

"ठेवा," सुतार म्हणाला.

शेजारीपाजारी कुजबुजले. माणूस आहे का दगड! पोरीचं कुंकू पुसलं त्या खटाऱ्याने, आणि हा त्याला अंगणात जागा देतो. सुताराच्या कानावर ते आलं, पण आत कुठे पोचलं नाही. जावई गेल्यापासून सगळंच असं वरच्यावर राहत होतं. भाकरीची चवसुद्धा.

जावयाचा धाकटा भाऊ मदतीला आला. आता ही मोटार तोच चालवणार होता. घरात दुसरं कमावतं कोण होतं?

"मामा, हे बघा," तो खाली वाकून म्हणाला. "इंजिन पुढं. त्याचा जोर या आडव्या दांड्यावर येतो, आणि दांड्यावरून साखळ्या मागच्या चाकांना. सायकलीसारखं."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक या दांड्यावरच."

"चाकावर काहीच नाही?"

"नाही. साखळी शाबूत, तोवर ब्रेक."

"त्या दिवशी साखळी तुटली."

"तुटली," पोरगा म्हणाला, आणि दोघंही त्या भरीव रबराच्या चाकाकडे बघत बसले.

सुताराने हौदा बांधला. मग कुणी न सांगता बाभळीचा ओंडका काढला. बैलगाडीला उतारावर लावतात तसा ठोकळा तासला, आणि तो मागच्या दोन्ही चाकांवर दाबायला हाताशी लांब दांडा बसवला. मालक कुरकुरला, "मोटारीची बैलगाडी करताय काय?"

"ठोकळा नसेल तर पोरगा बसणार नाही," सुतार म्हणाला. आवाज चढला नाही, म्हणून मालकाला वाद घालता येईना.

दगड भरून मोटार उताराच्या माथ्यावर नेली. नुसता ठोकळा पेलतो का बघायला तिथं साखळ्या मुद्दाम काढून ठेवल्या. पोरगा स्टिअरिंगपाशी बसला, सुतार त्याच्या शेजारी दांडा धरून. मोटार सुटली. वारा कानात शिरला, हाडं खिळखिळी झाली. सुतार सगळा भार टाकून दांड्यावर रेलला. लाकूड किंचाळलं, धूर निघाला, आणि ओढ्याच्या अलीकडे मोटार हळूहळू थांबली.

पोरगा स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. सुतार उतरून ठोकळा बघत राहिला.

घरी लेक दारातच उभी होती.

"थांबली?"

"थांबली."

ती म्हणाली, "बाबा, यांच्या वेळी का नाही बसवलात?"

"तेव्हा ती नवी होती, पोरी. मोडल्याशिवाय माझ्याकडं कोण आणतंय?"

लेक आत गेली, चुलीपाशी बसली. रडू सुताराला तेव्हाही आलं नाही. पहिला ठोकळा अर्धा जळला होता, म्हणून त्याने वाकस उचलला आणि दुसरा तासायला घेतला.