आपाला दिलेल्या शेळ्या

"आपा, फोन उचल गं," मेहबूब पुटपुटला. पलीकडे नुसतीच रिंग वाजत राहिली. त्याने मोबाइल खिशात कोंबला आणि मोटारसायकलला किक मारली.

निमगाव सावातल्या त्याच्या गोठ्यात सकाळी आणखी एक करडू मेलं होतं. पापण्या आतून पांढऱ्याफटक, हनुवटीखाली पाणी उतरलेलं. जंताचं औषध तर त्याने न चुकता पाजलं होतं. म्हणूनच जनावरांच्या दवाखान्याच्या हर्षाली मॅडमनी औषधानंतर पुन्हा लेंड्या तपासायला नेल्या होत्या. त्यांचा आत्ताच फोन आला होता.

"मेहबूबभाई, औषध लागूच पडलेलं नाही. जंतांची अंडी होती तेवढीच आहेत."

"औषध खोटं व्हतं का मॅडम?"

"औषध चांगलं आहे. पण वर्षानुवर्षं तेच पाजत आलो. मरणारे जंत मेले, चिवट होते ते वाचले. आता सगळी त्यांचीच पिल्लावळ आहे, आणि तो चिवटपणा जन्मतःच घेऊन येते." मॅडमनी पुढे विचारलं, "इतक्यात कुणाला शेळ्या दिल्यात का?"

थोरल्या बहिणीला, अवसरी बुद्रुकच्या जैबुन्निसा आपाला, त्याने परवाच तीन शेळ्या नेऊन दिल्या होत्या. गोठ्यातल्या सगळ्यांत देखण्या. नवरा गेल्यापासून ती लोकांच्या कांद्यात राबत होती.

"दिल्यात. पन त्या ठणठणीत हायेत."

"दिसायला असतील. त्यांना चरायला सोडू देऊ नका. लेंड्या माळावर पडल्या की आठवडाभरात जंत गवतावर चढतात. मग तिथं चरेल त्या जनावराच्या पोटात."

घोड नदीचा पूल मागे पडला तरी त्याच्या डोक्यातलं चक्र थांबेना. त्याच्या बोकडांसाठी लांबलांबून लोक येत. ही गोष्ट फुटली, तर त्याच्या दारात कोण फिरकणार? काहीतरी निमित्त सांगावं, शेळ्या गुपचूप माघारी न्याव्यात, असं त्याने मनाशी ठरवलं.

आपाच्या घराला कडी होती. आत चार्जिंगला लावलेला फोन खिडकीतून दिसत होता. तो घरामागच्या माळाकडे पळतच गेला.

जैबुन्निसा बांधावर बसली होती. तिच्या शेळ्या चरत होत्या आणि त्यांच्या मागोमाग शेजारच्या सोपानची मेंढरं.

"आला बघा माझा भाऊ," ती हसून सोपानला म्हणाली.

"काय शेळ्या दिल्यात राव!" सोपान कौतुकाने म्हणाला. "भाई, मला बी एक बोकड बघा तुमच्यातला."

निमित्त मेहबूबच्या ओठावर आलं होतं. समोर एक मेंढी आपल्या कोकराला घेऊन गवत ओरबाडत होती.

"सोपानभाऊ, मेंढरं हटवा इथनं," तो म्हणाला. "ह्या शेळ्यांच्या पोटात जंत हायेत. औषधाला दाद देत न्हाईत. माझी करडं मरायला लागलीत."

सोपानचा चेहरा पालटला. "आन् आमच्या माळावर आनून सोडलंस व्हय?"

"मला आजच कळलं."

"माझी मेंढरं मेली मंग?"

जैबुन्निसा उठून उभी राहिली होती.

"माघारी नेतोस?" तिने हळूच विचारलं. "कालच दूध काढलं रे. लई दिसांनी घरच्या दुधाचा चहा पिले."

दुसऱ्या देतो, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या गोठ्यात जंत नसलेल्या तरी कुठल्या होत्या?

"सोडल्यापासनं कुठं कुठं चरल्या, आपा?"

"एवढ्याच तुकड्यात. कालपासनं."

म्हणजे लेंड्यांतून जंत अजून बाहेर पडले नसणार. त्याने तिन्ही शेळ्या बाभळीला बांधल्या, खांद्यावरचा टॉवेल जमिनीवर पसरला आणि उकिडवं बसून लेंड्या वेचायला सुरुवात केली. मागे सोपान तोंडाला येईल ते बोलत होता. मेहबूबने मान वर केली नाही. थोड्या वेळाने पाहिलं, तर आपा तिथे नव्हती. गेली असेल रागाने, त्याला वाटलं. तिचा हक्कच होता.

मग शेजारी घमेलं ठेवल्याचा आवाज झाला. साडीचा पदर खोचून जैबुन्निसा त्याच्या बाजूला बसली आणि बोटांनी गवत विंचरू लागली.

सोपानने शीळ घातली. मेंढरं वळली आणि वरच्या अंगाला निघाली. खाली बहीणभाऊ वीतभर पुढे सरकत, एकेक लेंडी घमेल्यात टाकत होते.