स्वेटरमधला कोंबडा

मी कोंबडा बोलतोय. पाय बांधलेत, पण चोच मोकळी आहे. तेवढ्यात सांगून घेतो.

माझा जन्म काकामेगा शहराच्या बाहेर, मुसिंबी नावाच्या बाईच्या स्वयंपाकघरात, चुलीमागच्या टोपलीत झाला. आमच्या इसुखा लोकांत कोंबडं म्हणजे नुसतं खाणं नव्हे. जावई आला की कोंबडं, भांडण मिटलं की कोंबडं, बाळ झालं की कोंबडं. आईनं पंखाखाली घेऊन मला एवढंच शिकवलं होतं, की आपण शेवटी कुणाच्या तरी मानाला लागायचं. मी ते मनावर घेतलं. किडे वेचले, मका टिपला, मुंगसाला चुकवलं आणि चांगला भरलो.

आमच्या गल्लीतलं कोपऱ्यावरचं घर एका अमेरिकन जोडप्यानं भाड्यानं घेतलं होतं. नवरा क्लिंट. जिथं रोज दुपारी आभाळ फाटतं, तिथल्या शेतकऱ्यांना पाणी कसं वाचवावं हे शिकवायला तो आला होता. शेतकरी सभ्य आहेत, ऐकून घ्यायचे. बायको ब्रूक. तिला जून नावाची मुलगी झाली आणि त्या दिवसापासून गल्लीत तिला ब्रूक कुणी म्हणेना. ती जूनची आई झाली. आधी तिला राग आला, माझं नाव कुठं गेलं म्हणून. मग रात्ररात्र जागून ती इतकी थकली, की स्वतःचं नाव आठवायचं बंद झालं आणि रागही गेला.

भित्री होती बिचारी. पाणी दोनदा उकळायची. बाळ शिंकलं की फोनमध्ये डोकं घालायची. फोन सांगायचा, ही साधी सर्दी असू शकते किंवा मेंदूचा एखादा दुर्मीळ आजार. ती त्यातल्या दुसऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायची. तेव्हा मुसिंबी यायची, बाळाला मांडीवर पालथं घालून पाठ थोपटायची, बाळ ढेकर देऊन झोपायचं आणि मेंदूचा आजार बरा व्हायचा.

एक दिवस मुसिंबीनं मला पायांना धरून उलटं केलं आणि ब्रूककडे नेलं.

"घे पोरी. बाळंतिणीला रस्सा लागतो. हाडांत जीव येईल, दूध उतरेल."

"माझ्यासाठी? हा? किती गोड आहे!" म्हणत ब्रूकनं मला छातीशी धरलं.

मला आजवर कुणी मिठी मारली नव्हती. मुसिंबी हसली. घरी जाऊन नणंदेला म्हणाली असेल, यांच्यात खाण्याआधी जवळ घ्यायची पद्धत दिसते.

मुसिंबी लेकीच्या बाळंतपणाला किसुमूला गेली आणि माझे भलते दिवस सुरू झाले. ब्रूकनं माझं नाव थिओडोर ठेवलं. मला खिडकीचं घर आलं, खिडकीला पडदा आला. माझे फोटो मिनेसोटाला गेले आणि तिथून तिच्या आईनं विणलेला लाल स्वेटर आला. त्याला खिसासुद्धा होता. कोंबड्यानं खिशात काय ठेवायचं, हे त्या खंडातल्या कुणालाही विचारावंसं वाटलं नाही. शेजारच्या कोंबड्या मला बघून कुंपणाला टेकून हसायच्या. एकीच्या जरा जवळ गेलो, तर खिसा बाभळीच्या काट्यात अडकला. पुढचं सांगत नाही.

आणि ही मंडळी शाकाहारी होती म्हणाल, तर छे! दर आठवड्याला क्लिंट गावातल्या मोठ्या दुकानातून गोठवलेली कोंबडी आणायचा. तिला डोकं नाही, पाय नाहीत, आईबाप ठाऊक नाहीत. ती भाजून दोघं मागच्या पायरीवर बसून खायची आणि उरलेला भात मला घालायची. "थिओडोर, तू तर आमच्या घरातलाच," असं म्हणत ब्रूक बोटं चाटायची. भूतदया मी बरीच पाहिली, पण तिला बोटं चाटताना पाहिली ती तिथंच.

मुसिंबी परतली ती थेट बाळाला बघायलाच आली. अंगणात मी दिसलो.

"हा... तोच ना?"

"हो! बघा ना, किती खूश आहे! आम्ही ह्याला कधीच मारणार नाही!"

मुसिंबीनं माझ्याकडे पाहिलं, स्वेटरकडे पाहिलं. चहा पुढे आला तर म्हणाली, "चुलीवर ठेवून आलेय काहीतरी." बाळाच्या गालाला हात लावायला गेली आणि हात मागे घेऊन निघाली.

त्यानंतर त्या घरात कुणी आलंच नाही. बायका रस्त्यावरूनच विचारायच्या, "बरं आहे ना, जूनची आई?" आणि उत्तराला थांबायच्या नाहीत. संध्याकाळी जून रडायची, ब्रूक तिला घेऊन घरभर फिरायची आणि दोघी थकायच्या. तिनं फोनलाही विचारलं. फोननं सांगितलं, स्वतःला वेळ द्या, सुगंधी मेणबत्ती लावा.

"मी काय चुकले, क्लिंट?"

"काही नाही गं. सांस्कृतिक फरक."

हा शब्द त्यानं कचेरीतून आणला होता. तो उच्चारला की पुढं काही करावं लागत नाही.

शेवटी मुसिंबीची नणंद खायेसी आली. शाळेची मुख्याध्यापिका, आवाज घंटेसारखा. फाटकातूनच म्हणाली, "जूनची आई, एक विचारू? माझ्या वहिनीच्या हातात विष आहे का?"

ब्रूकच्या हातातली बाटली पडली. "असं काय बोलता?"

"मी नाही, गल्ली बोलते. कुणी मारली, कधी मारली, काही माहीत नाही अशी बर्फातली कोंबडी तुम्ही खाता. आणि वहिनीनं स्वतः वाढवून दिलेला कोंबडा तोंडात घालत नाही. मग लोकांनी काय समजायचं? उद्या बाळाला ताप आला तर नाव कुणाचं येईल? म्हणून येत नाही ती. मांडीवर घ्यायला हात शिवशिवतात तिचे, पण येत नाही."

"पण माझं प्रेम आहे त्याच्यावर!"

"कोंबड्यावर," खायेसी म्हणाली. "आणि देणारीवर?"

ती गेली. ब्रूक माझ्या पडद्याच्या खिडकीशी येऊन बसली, रडली. मग मलाच विचारते, "थिओडोर, मी काय करू?" शाबास! ज्याची मान, त्याचाच सल्ला!

क्लिंटनं तोडगा काढला. "ह्याला पलीकडच्या गावात सोडू. तसाच दुसरा विकत आणून शिजवू. कोण ओळखतंय?"

इथं लोक एक वेळ चुलतभावाला विसरतील, स्वतःच्या घरचा कोंबडा विसरणार नाहीत. तरी खरं सांगतो, क्लिंटचा विचार मला त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून पटला. आणि नेमका तोच ब्रूकनं मोडला.

"नाही. तिनं हा दिला होता."

ती बाळाला घेऊन मुसिंबीच्या दारात गेली. मी कुंपणावरून ऐकत होतो.

"मला कळलं नव्हतं. खरंच कळलं नव्हतं. जेवायला या सगळे. पण रस्सा कसा करतात, ते मला येत नाही."

मुसिंबीनं हातातलं मक्याचं कणीस सोलून खाली ठेवलं. मग म्हणाली, "आता जून झाला असेल तो. चिवट लागेल. जास्त शिजवावा लागेल." आणि बाळाकडे हात पसरले.

तर आता मी इथं ब्रूकच्या मागच्या अंगणात आहे. पाणी उकळतंय. मुसिंबीचा नवरा लुबांगा दगडावर सुरी घासतोय. पाय धरण्याचा मान घरच्या पुरुषाचा, पण क्लिंटला आत्ताच एक महत्त्वाची बैठक आठवली आहे. खायेसी म्हणाली, "त्याला म्हणावं, कोंबड्याचा पेटा, पोटातला तो मानाचा तुकडा, तुझ्याच ताटात पडणार आहे. कोपऱ्यात सारलास तर बघ!" बायका हसल्या. ह्या घरात बायका हसल्या त्याला किती दिवस झाले होते.

वाचणाऱ्यांनो, जाता जाता एवढंच मागणं आहे. परक्या मुलखात राहायला गेलात, तर आल्या आल्या कुणाला वाचवायला धावू नका. आधी ताट पुढं करा. दयाळूपणा खुशाल दाखवा, पण कुणाच्या पदरचा दाखवताय ते बघा. आणि मी हे फार थोर मनानं बोलतोय असं समजू नका. मला जगायचं होतं. फक्त खिसा नको होता.

जूनला मुसिंबीच्या मांडीवर देऊन ब्रूक आली. स्वेटर तिनंच काढला. आता माझे पाय तिच्या हातात आहेत, पण पकड सैल आहे. "सॉरी, सॉरी," असं पुटपुटतेय. पुरे. मीठ विसरू नकोस म्हणजे झालं.

लुबांगा वाकला आणि हिनं डोळे गच्च मिटले. उघड बाई, डोळे उघड. सुरी तुझ्या बोटांजवळ आहे, आणि तुझ्या पोरीला दोन्ही हातांची आई हवी आहे.

हं, अशी. आता घट्ट धर.