गिरणीतली नवी टकटक

मित्रांनो, कानामागे बसणारी, ऐकायला मदत करणारी एक जुनी मशीन मी. सहा वर्षांच्या घामाने माझे प्लास्टिक पिवळे पडले आहे. चिखलीजवळच्या एका गावात पिठाची गिरणी चालवणारे कय्यूमभाई माझे मालक.

गिरणीच्या गोंगाटात तीस वर्षे उभे राहून त्यांना बारीक, तीक्ष्ण आवाज येईनासे झाले होते. आधी चिमणीची चिवचिव गेली, मग मुलीच्या, आलिमाच्या बोलण्यातले स आणि श. हे इतके हळूहळू गेले की त्यांना कळलेच नाही. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असा त्यांचा संशय होता.

माझ्यासाठी ते दोन दिवस बुलढाण्याला गेले, तेव्हा गिरणी कारभारींनी एकट्याने चालवली. कारभारी अठरा वर्षांपासून त्यांच्याकडे कामाला; गिरणीची किल्लीही त्यांच्याच घरी असे.

मला लावून कय्यूमभाई गिरणीत शिरले आणि थबकले. पट्टा फिरताना टकटक होत होती.

"बेरिंग कोनं बदललं बे?"

"कोनंच नाही, भाई. रोजचंच हाये ते."

"परवापर्यंत नव्हतं."

मी आदल्याच दिवशी आलेली. मलाही कारभारींचाच संशय आला. आलेला आवाज मोठा करून पुढे ढकलायचा, एवढेच मला येते. त्याचा अर्थ मेंदू लावतो.

दोन दिवस कय्यूमभाई गोण्यांमागे डोकावत राहिले. गिऱ्हाइके हळू बोलली, तर तीही सामील वाटू लागली. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "नवं बेरिंग काढून विकलं तू, जुनं बसवलं. किल्ली ठेव."

कारभारींनी किल्ली पोत्यावर ठेवली. "तुमाले आयकू येत नव्हतं तवर मी इमानदार. आयकू आलं, का चोर झालो."

आलिमा शाळेत विज्ञान शिकवते. संध्याकाळी तिने मोबाइलवर मागच्या ईदचा व्हिडिओ लावला. तिची लेक अलीजा गिरणीच्या ओट्यावर पहिली पावले टाकत होती.

"अब्बा, पोरीले पाहू नका. मागचं आयका."

मागे गिरणी चालू होती. टकटक. टकटक.

"पट्ट्याचा जोड वाजते तो. तुमीच ठोकला व्हता."

"मंग मले काऊन आयकू आलं नाही?"

"कानच पोचवत नव्हता. आता पोचला, तर मेंदूले नवा वाटते. नवं आलं का त्याले वाटते, काहीतरी बिघडलं. मशीन रोज लावा. मेंदू मंग तोच आवाज बाजूले टाकीन."

सकाळी कय्यूमभाई किल्ली घेऊन कारभारींच्या दारात उभे राहिले.

"चाल बे. जोड वाजते, मी ठोकलेला."

"मले माईत हाये."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं व्हतं, भाई."

तीन आठवड्यांत कय्यूमभाईंना ती टकटक ऐकू येईनाशी झाली. मी आजही प्रत्येक फेऱ्याला ती पाठवते. ती जाते कुठे? मला त्या मेंदूचा अजून भरवसा वाटत नाही. पण त्याच गोंगाटात मागून कारभारी हळूच "भाई, च्या" म्हणाले, की कय्यूमभाई वळतात. तो आवाज मी काही वेगळा काढून दिलेला नसतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाला माझ्यासारखी मशीन आली, तर पहिल्याच दिवशी त्यांना गोंगाटात नेऊ नका. शांत खोलीत, समोर बसून बोला. मला रोज लावा, खणात टाकू नका. आणि त्या पहिल्या दिवसांत कानाच्या साक्षीवर कोणाला दोषी ठरवू देऊ नका. कारभारी कामावर आले खरे. पण गिरणीची किल्ली ते आता घरी नेत नाहीत. रोज संध्याकाळी कय्यूमभाईंच्या हातात देऊन जातात.